त्सुनामी, प्रवासी कुटुंब आणि कथनाची नैतिकता : तीन कलाकृतींचा तौलनिक विचार

बीजशब्द : आपत्ती-कथन, कुटुंब, प्रवासवर्णन, आत्मकथन, निवेदक, दृष्टिकोन, कथनाची नैतिकता.

प्रस्तावना

प्रवास हा साहित्यातील एक प्राचीन आशयबंध आहे. निघणे, भटकणे, संकटाला सामोरे जाणे आणि परतणे या चार टप्प्यांवर जगातील असंख्य कथा उभ्या आहेत. आधुनिक काळात पर्यटन हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या जीवनाचा नियमित भाग झाल्यानंतर या आशयबंधाचे रूप पालटले. पूर्वीच्या प्रवाशाला संकट अपेक्षित असे, किंबहुना घरून निघतानाच तो निरवानिरव करून निघत असे. आधुनिक पर्यटक मात्र सुरक्षिततेची हमी घेऊनच निघतो. परतीचे तिकीट, राखून ठेवलेली खोली आणि विम्याचा कागद ही त्या हमीची तीन चिन्हे होत. ही हमी एखाद्या नैसर्गिक आपत्तीने मोडून काढली म्हणजे केवळ प्रवास खंडित होत नाही, तर कुटुंब या संस्थेविषयीची एक दृढ समजूतही खंडित होते. आपण सर्वजण एकत्र असलो की सुरक्षित असतो, ही ती समजूत.

२६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात उसळलेल्या त्सुनामीने अशी असंख्य कुटुंबे गाठली. या घटनेवर आधारलेल्या तीन कलाकृतींचा तौलनिक विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हुआन आंतोनिओ बायोना या स्पॅनिश दिग्दर्शकाचा 'द इम्पॉसिबल' (२०१२) हा चित्रपट, सोनाली देरानियागला यांचे 'वेव्ह' (२०१३) हे इंग्रजी आत्मकथन आणि इमान्युएल कारेर या फ्रेंच लेखकाचे २००९ साली प्रसिद्ध झालेले, 'माझ्याखेरीज इतरांची आयुष्ये' अशा अर्थाचे शीर्षक धारण करणारे कथन, या त्या तीन कलाकृती होत. आपत्तीची कथा सांगताना 'आपले' कोण आणि 'इतर' कोण, याचा निवाडा या कलाकृती कोणत्या रीतीने करतात, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

घटनेचा संदर्भ

भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळाखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १३०० किलोमीटर लांबीच्या भूस्तरभंगामुळे समुद्राचे प्रचंड पाणी उचलले गेले. इंडोनेशियाच्या आचे प्रांतात लाटा अर्ध्या तासाच्या आत पोहोचल्या, तर थायलंड, श्रीलंका आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोहोचण्यास त्यांना सुमारे दोन तास लागले. म्हणजे इशारा देण्याइतका अवधी होता. तथापि, प्रशांत महासागरात होती तशी पूर्वसूचना यंत्रणा त्या वेळी हिंदी महासागरात अस्तित्वात नव्हती. हैदराबाद येथील भारतीय केंद्र २००७ साली कार्यान्वित झाले. चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. श्रीलंकेत तीस हजारांहून अधिक, भारतात दहा हजारांहून अधिक आणि थायलंडमध्ये पाच हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. थायलंडमधील मृतांपैकी जवळजवळ निम्मे परदेशी होते.

हे अखेरचे प्रमाण साहित्यविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सर्वाधिक जीवितहानी आचे प्रांतात झाली. परंतु पाश्चात्त्य वाचक-प्रेक्षकांपर्यंत पोहोचलेली कथने प्रामुख्याने थायलंड व श्रीलंका येथील, आणि तीही पर्यटकांच्या किंवा परदेशस्थांच्या दृष्टिकोनातून सांगितलेली आहेत. मृत्यूंची संख्या आणि कथनांची संख्या यांतील ही विषमता प्रस्तुत विवेचनाची पार्श्वभूमी आहे.

प्रवासाचे तीन प्रकार

तिन्ही कलाकृतींत कुटुंब सुट्टीसाठी प्रवासाला निघाले आहे. मात्र त्या प्रवासांचे स्वरूप एक नाही.

'द इम्पॉसिबल'मधील कुटुंब जपानमध्ये वास्तव्य करणारे असून नाताळासाठी थायलंडमधील खाओ लाक येथे आले आहे. मारिआ बेलोन यांच्या कुटुंबाचा प्रत्यक्ष अनुभव हा चित्रपटाचा आधार आहे. मूळ कुटुंब स्पॅनिश असले तरी चित्रपटात ते इंग्रजी भाषक दाखविले आहे. या कुटुंबाच्या दृष्टीने किनारा हे केवळ विश्रामस्थळ आहे. त्या भूमीशी त्याचा पूर्वसंबंध नाही.

'वेव्ह'मधील प्रवास याच्या अगदी उलट दिशेचा आहे. देरानियागला या कोलंबोत वाढलेल्या, केंब्रिजमध्ये शिकलेल्या आणि लंडनमध्ये अध्यापन करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ. इंग्रज पती आणि दोन लहान मुलगे यांच्यासह त्या नाताळच्या सुट्टीत मायदेशी आल्या होत्या आणि याला अभयारण्यालगतच्या हॉटेलात आईवडिलांसमवेत उतरल्या होत्या. परदेशातून स्वदेशी, म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरी, असा हा प्रवास आहे. लाटेने पती, दोन्ही मुलगे, आई आणि वडील असे पाचही जण हिरावून नेले. त्यामुळे निवेदिकेची दोन्ही घरे एकाच सकाळी परकी झाली.

कारेर यांचे निवेदन तिसऱ्या प्रकारचे आहे. ते स्वतः जोडीदार व मुलांसह श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका उंचवट्यावरच्या हॉटेलात होते. त्या सकाळी ते समुद्रावर गेले नाहीत आणि त्यांच्या कुटुंबाला कोणतीही इजा झाली नाही. आदल्या रात्री हे जोडपे विभक्त होण्याचा विचार करीत होते, अशी कबुली निवेदक प्रारंभीच देतो. जे कुटुंब आतून मोडण्याच्या बेतात होते ते वाचले आणि जवळच राहणाऱ्या एका सुखी फ्रेंच कुटुंबाची चार वर्षांची मुलगी वाहून गेली. या विपरीत न्यायाने निवेदक अस्वस्थ होतो आणि ती अस्वस्थताच पुढील लेखनाची प्रेरणा ठरते.

एक कुटुंब संपूर्ण वाचते, एक संपूर्ण नष्ट होते आणि एक केवळ साक्षीदार राहते. या तीन शक्यतांतून तीन भिन्न कथनरीती आकाराला येतात.

रडणारे मूल : एक तुलनीय प्रसंग

दोन कलाकृतींत योगायोगाने येणारा एक समान प्रसंग या भिन्नतेवर लख्ख प्रकाश टाकतो. आपत्तीनंतर लगेचच एक अनोळखी मूल रडताना ऐकू येते. जखमी मातेने अशा वेळी काय करावे?

'द इम्पॉसिबल'मध्ये मारिआच्या छातीला व पायाला गंभीर दुखापत झाली आहे. थोरला मुलगा लुकास तिच्यासोबत आहे. पती आणि धाकटे दोघे मुलगे जिवंत आहेत की नाहीत, हे तिला ठाऊक नाही. ढिगाऱ्याखालून मुलाचा आवाज येताच लुकासला तेथून निघून सुरक्षित जागा गाठावीशी वाटते. पुन्हा लाट येण्याची त्याला धास्ती आहे. आई मात्र ठाम राहते. ते मूल त्यांना सापडते, तिघे झाडावर आश्रय घेतात आणि ते बालक तिच्या दंडाला हलकेच स्पर्श करते. चित्रपटाच्या नैतिक रचनेचा हा पाया आहे. पुढे रुग्णालयात लुकास खाटांमधून नावे पुकारत हिंडतो आणि ताटातूट झालेल्यांची गाठ घालून देण्याची धडपड करतो. हे कार्य त्याला आईच्या त्या निर्णयानेच शिकविलेले असते. करुणा ही संकटातून निर्माण होते आणि ती फळाला येते, असा चित्रपटाचा विश्वास आहे.

'वेव्ह'मधील प्रसंग वाचकाला हादरवून टाकतो. चिखलातून वाचविण्यात आलेल्या निवेदिकेजवळ एक मुलगा आईवडिलांसाठी आक्रोश करीत आहे. ती त्याला जवळ घेत नाही, धीर देत नाही. त्याच्या आक्रोशाचा तिला त्रास होतो. हा जाडजूड असल्यामुळे पाण्यात टिकला, आपल्या लहानग्यांना मात्र काहीच संधी नव्हती, असा क्रूर विचार तिच्या मनात येतो आणि लेखिका तो जसाच्या तसा नोंदविते. स्वतःची बाजू सावरणारे एकही वाक्य ती पुढे जोडत नाही.

या दोन प्रसंगांपैकी कोणता अधिक उदात्त, हा प्रश्न निरर्थक आहे. कोणता अधिक सत्य, हाही प्रश्न सरळ नाही, कारण दोन्ही कथनांना प्रत्यक्ष अनुभवाचा आधार आहे. चित्रपट प्रेक्षकाला आपण कसे वागावे हे सांगतो, तर आत्मकथन माणूस कसा वागू शकतो हे सांगते, एवढाच भेद येथे दाखविता येतो. पण तो मूलगामी आहे. मारिआला मागे उरलेले काहीतरी अद्याप आहे. मुलगा तिच्याजवळ आहे आणि त्याच्यासमोर आपण कोण आहोत याचे तिला भान आहे. देरानियागला यांच्या निवेदिकेसमोर असा कोणी उरलेला नाही. परोपकार करण्यासाठीही माणसाला कोणाचे तरी असावे लागते, हे कटू सत्य 'वेव्ह'मधील त्या एका परिच्छेदातून प्रकट होते. आईवडिलांच्या खोलीचे दार न ठोठावता मुलांना घेऊन पळालो, ही बोचही तेथे तितक्याच अलंकारविरहित भाषेत येते. शोककथनात निवेदकाच्या प्रतिमेची जपणूक होण्याचा धोका नेहमीच असतो. 'वेव्ह' तो धोका टाळते आणि तिचे वाङ्मयीन श्रेष्ठत्व यातच आहे.

दृष्टिकोनाची मर्यादा आणि स्थानिकांचे स्थान

'द इम्पॉसिबल'वर प्रदर्शनानंतर घेतला गेलेला प्रमुख आक्षेप असा की, हजारो थाई नागरिक मृत्यू पावलेल्या आपत्तीची कथा एका गोऱ्या, सुस्थित कुटुंबाभोवती रचली गेली आणि स्थानिक माणसे केवळ साहाय्यकाच्या भूमिकेत राहिली. चित्रपटाच्या बाजूनेही काही म्हणता येईल. मारिआ व लुकास यांना जेवढे दिसते तेवढेच दाखविण्याची शिस्त पूर्वार्धात कसोशीने पाळलेली आहे. लाटेचे दृश्य आकाशातून पाहिलेल्या देखाव्याच्या भव्यतेवर विसंबत नाही. पाण्याखालील अंधार, घुसणाऱ्या काटक्या, गुदमरणे यांतून ते शरीराला जाणवते. जखमी मारिआला चिखलातून ओढत नेणारा वृद्ध थाई ग्रामस्थ आणि तिला स्वतःचे वस्त्र नेसविणाऱ्या गावातील स्त्रिया हा चित्रपटातील अतिशय हृदयस्पर्शी भाग आहे. त्यांची भाषा मारिआला कळत नाही आणि प्रेक्षकालाही कळू दिलेली नाही. दृष्टिकोनाशी हे सुसंगतच आहे.

परंतु हा बचाव उत्तरार्धात टिकत नाही. पित्याचा शोध सुरू झाल्यावर चित्रपट एका दृष्टिकोनाची मर्यादा सोडून अनेक ठिकाणी संचार करू लागतो. या मोकळिकीचा उपयोग करूनही तो पुन्हा परदेशी प्रवाशांच्याच दुःखाकडे वळतो. त्या वृद्ध ग्रामस्थाचे घर उरले की नाही, त्या स्त्रियांची मुले कोठे आहेत, हे प्रश्न त्याला पडत नाहीत. म्हणून दोष दृष्टिकोन मर्यादित असण्यात नसून, मर्यादा ओलांडल्यानंतर कोणत्या दिशेने पाहिले यात आहे.

याच निकषावर इतर दोन कलाकृती तपासणे न्याय्य ठरेल. कारेर यांच्या कथनात फ्रेंच मुलीबरोबर खेळत असलेली, त्या कुटुंबाच्या श्रीलंकन यजमानाची मुलगीही मरण पावते. निवेदक तिची नोंद घेतो, पण कथेचा ओघ फ्रेंच मातापित्यांच्या मागोमाग जातो. इतरांच्या आयुष्यांविषयीचे हे पुस्तकही 'इतर' या शब्दाचा परीघ एका टप्प्यावर आखून घेते. 'वेव्ह'मध्ये निवेदिका स्वतः श्रीलंकन असली तरी ती सुखवस्तू वर्गातील आहे आणि किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांची हानी तिच्या कथनाच्या कक्षेत येत नाही. मात्र येथे ही मर्यादा कथनाच्या तर्कातूनच येते. सर्वस्व गमावलेल्या व्यक्तीकडून समाजचित्रणाची अपेक्षा करणे म्हणजे शोकाला अहवालाचे रूप देण्याचा आग्रह धरणे होय. शिवाय निवेदिका स्वतःच्या वर्गीय सुखाचा तपशील लपवीत नाही.

परतीचा प्रवास

प्रवासकथेचा अर्थ परतीत निश्चित होतो. 'द इम्पॉसिबल'चा प्रारंभ विमानातून होतो आणि शेवटही विमानातच होतो. पुन्हा एकत्र आलेले कुटुंब विमा कंपनीने सज्ज केलेल्या विमानातून सिंगापूरकडे निघते. मारिआ खिडकीतून खाली पाहते आणि तिचे डोळे भरून येतात. या शेवटात दोन अर्थ एकमेकांशी झगडतात. एकीकडे पर्यटकाला दिलेली हमी अखेर पाळली गेली, विम्याच्या कागदाने आपले काम केले. दुसरीकडे, मारिआच्या अश्रूंतून सुटकेच्या आनंदाऐवजी मागे राहिलेल्यांविषयीची अपराधी भावना व्यक्त होते. चित्रपटाने हा दुसरा अर्थ केवळ चेहऱ्यावर सोडून दिला, कथेत मुरविला नाही. तरी तो तेथे आहे, हे मान्य करावे लागते.

'वेव्ह'मध्ये परतीला अंत नाही. कोलंबोतील आप्तांच्या घरी निवेदिका आत्मनाशाच्या विचारांनी ग्रासलेली असते. आईवडिलांचे घर भाड्याने दिले गेल्यावर तेथील नव्या रहिवाशांना ती रात्री-अपरात्री घंटा वाजवून छळते. शोक माणसाला केवळ दीन करीत नाही, तो त्याला विक्षिप्त व दुष्टही करू शकतो, हे या प्रसंगांतून दिसते. ती पुन्हा पुन्हा याला येथे जाते. हॉटेलच्या भग्नावशेषांत पतीच्या संशोधन अहवालाचे पान आणि झुडपात अडकलेला मुलाचा सदरा सापडतो. लंडनच्या घराचे दार उघडण्यास तिला सुमारे चार वर्षे लागतात. त्या घरात सर्व काही जसेच्या तसे आहे. विशेष म्हणजे पुस्तकाच्या प्रारंभीच्या भागात मुले जवळजवळ अनामिक सावल्यांसारखी आहेत आणि जसजशी निवेदिका आठवण सहन करू शकते तसतशी ती खोडकर, बोलकी, पक्षिवेडी अशी जिवंत होत जातात. म्हणजे येथे परतते ती स्मृती. नेहमीच्या शोककथनात काळ गेल्यावर दुःख ओसरते. येथे काळ गेल्यावर गेलेली माणसे अधिक स्पष्ट दिसू लागतात आणि म्हणून वेदना अधिक नेमकी होते. ही रचना कल्पनेने बेतलेली वाटत नाही, अनुभवाने लादलेली वाटते.

कारेर यांचा निवेदक पॅरिसला परततो, पण कथा तेथे संपत नाही. जोडीदाराच्या बहिणीला कर्करोग होतो. ती न्यायाधीश असते. तिच्या मृत्यूनंतर तिचा सहकारी, तिचा पती आणि कर्जबाजारी सामान्यांना न्याय मिळवून देण्याचे त्या दोन न्यायाधीशांचे काम हा पुस्तकाच्या मोठ्या भागाचा विषय होतो. त्सुनामी आणि कर्करोग, समुद्र आणि न्यायालय यांची ही सांगड प्रथमदर्शनी विस्कळीत वाटते. परंतु मृत मुलीच्या आजोबांनी 'तू लेखक आहेस, हे लिही' अशा आशयाची विनंती केलेली असते आणि त्या विनंतीने निवेदकावर साक्षीदाराचे कर्तव्य सोपविले जाते. हेच कर्तव्य तो पुढे घराजवळच्या, कोणत्याही वृत्तपत्राने दखल न घेतलेल्या मृत्यूबाबत पार पाडतो.

मराठी परंपरेचा संदर्भ

मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका नाही. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ खंडित प्रवासाचेच कथन आहे. द्रव्यार्जनासाठी चुलत्यासह वरसईहून उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक १८५७च्या धामधुमीत सापडला. तेथील आपत्ती मानवनिर्मित होती, हा भेद ध्यानात ठेवूनही निवेदकाच्या भूमिकेचे साम्य लक्षणीय आहे. गोडसे भटजी हे कारेर यांच्याप्रमाणे इतरांच्या सर्वनाशाचे साक्षीदार आहेत आणि त्यांनीही घटनेनंतर दीर्घ काळाने, १८८३च्या सुमारास लेखन केले. पंडिता रमाबाई यांच्या आत्मनिवेदनात तर भ्रमंती करणाऱ्या कुटुंबावर कोसळलेला दुष्काळ आहे. १८७०च्या दशकात मद्रास इलाख्यात पडलेल्या त्या दुष्काळात त्यांनी वडील, आई आणि बहीण गमावली. तीर्थाटन हीच ज्या कुटुंबाची जीवनरीत होती, त्याला परतण्यासाठी घरही नव्हते.

या दोन उदाहरणांशी तुलना करता आधुनिक पर्यटन-कथनाचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. गोडसे भटजींना वाटेतील माणसांच्या घरी उतरावे लागे. साहजिकच त्या माणसांची नावे, जेवणखाण आणि भय त्यांच्या कथनात येते. हॉटेलात उतरणाऱ्या कुटुंबाचा स्थानिकांशी असा संबंधच येत नाही. लाटेने हॉटेलची भिंत पाडल्यानंतरच तो प्रथम येतो. आपत्ती-कथनातील स्थानिकांची अनुपस्थिती ही केवळ लेखक-दिग्दर्शकाच्या मनोवृत्तीची नव्हे, तर प्रवासाच्या आधुनिक व्यवस्थेचीही निष्पत्ती आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला, नैसर्गिक आपत्तीच्या कथनात कुटुंब हे केवळ पात्रसमूह नसून ते कथनाचे मोजमाप असते. कुटुंब पूर्ण झाले की कथा पूर्ण झाली असे 'द इम्पॉसिबल' मानतो, 'वेव्ह' या पूर्णतेची शक्यताच नाकारते, तर कारेर पूर्णतेचा शोध आपल्या कुटुंबाबाहेर घेतात. दुसरा, कथनाची नैतिकता निवेदक किती सहृदय दिसतो यावर अवलंबून नसून, तो स्वतःला किती कठोरपणे पाहू शकतो यावर अवलंबून असते. या कसोटीवर तिन्हींत 'वेव्ह' सरस ठरते. तिसरा, दृष्टिकोनाची मर्यादा हा दोष नाही. ती मर्यादा सैल केल्यावरही 'इतर' दिसू नयेत, हा दोष आहे.

आपत्तीनंतर काही दिवसांनी किनाऱ्यावर आलेली माणसे दोन प्रकारची असतात : परत जाणारी आणि तेथेच राहणारी. उपरोक्त तिन्ही कलाकृती कमीअधिक प्रमाणात परत जाणाऱ्यांच्या आहेत. केवळ 'वेव्ह'ची निवेदिका जाऊनही पुन्हा पुन्हा त्याच किनाऱ्यावर येते, कारण तिचे जे काही होते ते तेथेच राहिले. आचे, नागपट्टिनम किंवा निकोबार येथे राहिलेल्यांची कथने त्यांच्या स्वतःच्या भाषांतून आपल्यापर्यंत पोहोचतील तेव्हाच या विषयाचा अभ्यास पूर्ण झाला असे म्हणता येईल. महाविद्यालयीन स्तरावर आपत्ती-साहित्याचे अध्यापन करताना ही रिकामी जागा विद्यार्थ्यांच्या निदर्शनास आणून देणे, हे अध्यापकाचे किमान कर्तव्य ठरते.